कंपनी बागेतला रोगट आंबा

उकंडराव माळ्याबद्दल मी लिहायला बसलोय हे गावात कळलं, तर चारजण तरी म्हणतील की लक्ष्मीकांतला म्हातारपणी हे काय सुचलं आणि यात त्याचा डाव काय. डाव काही नाही. पण असं विचारणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं. मी जन्माचा संशयी. गवळ्याचं माप, शिंप्याकडे उरलेला कपडा, गुरवाची आरतीची घाई, सगळीकडे मला कुठेतरी पाणी मुरताना दिसतं. याच स्वभावावर मी म्युनिसिपल कमेटीच्या कचेरीत कारकुनी केली, आणि ती बरी केली असं मला वाटत असे. उकंडराव भेटला तेव्हा कळलं की या बाबतीत मी अजून बिगरीत आहे.

गावाचं नाव लिहीत नाही, उगाच कुणाच्या नाकाला मिरच्या झोंबायला नकोत. बुलढाणा जिल्ह्यात, घाटाखाली, कापसाच्या जिनांचं गाव, एवढं पुरे. त्या गावाला एक मोठी बाग होती. तिला सगळे कंपनी बाग म्हणत, जरी कुठल्याही कंपनीने तिच्यात एक रोपटं लावलेलं नव्हतं. छप्पनच्या, म्हणजे इंग्रजी अठराशे नव्व्याण्णवच्या, दुष्काळात लोकांच्या हाताला काम म्हणून सरकारने गावाबाहेर तळं खोदायला घेतलं. निघालेली माती शेजारच्या पडीत जमिनीवर टाकत गेले. दुष्काळ सरला, तळ्यात पाणी आलं, मातीच्या ढिगांवर गवत आलं. पुढे वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला, त्यानंतर दोनेक वर्षांनी कमेटीने त्या चाळीस एकरांना कुंपण घातलं आणि फाटकावर मराठी, उर्दू आणि इंग्रजीत नियमांची फळी लावली. फळीवर काय मना आहे ते तिन्ही भाषांत होतं. काय करायला हरकत नाही ते एकाही भाषेत नव्हतं.

बाग मात्र खरंच पाहण्यासारखी होती. मधोमध कारंजं, ते कमिशनरसाहेब आले की उडे आणि एरवी त्यात बेडूक राहत. तळ्याच्या अंगाला काळविटांचा पिंजरा, आणि एक मोर, त्याचं छत्रीशी काय वैर होतं कोण जाणे, छत्रीवाला दिसला की अंगावर जाई. सात माणसांच्या कवेत न मावणारी गोरखचिंच. मेंदीच्या उंच कुंपणांचा भुलभुलैया, त्यात आमच्या अध्यक्षांचे व्याही एकदा तासभर अडकले आणि बाहेर आले ते सोयरीक मोडण्याच्या गोष्टी करत. शनिवारी संध्याकाळी चबुतऱ्यावर पोलिसांचा बँड वाजे. आठवडी बाजाराला पार वडनेर भोलजीपासून बैलगाड्या येत, आणि बायका आधी बाग पाहत, मग बाजार करत.

या सगळ्यावर उकंडरावची नजर होती. तळ्याच्या कामावर दहा वर्षांचा असताना त्याने मातीच्या टोपल्या वाहिल्या होत्या, म्हणजे बाग ज्या मातीवर उभी होती तिच्यातली काही त्याच्याच डोक्यावरून आलेली. बाग झाली तेव्हा सोळाव्या वर्षी तो माळी म्हणून लागला आणि पुढे मुकादम झाला. काटकुळा, लांब मानेचा, डोळे सदा अर्धे मिटलेले. झाडाबद्दल बोलायचं तर त्या झाडाकडे पाठ करून बोलायचा. मला पहिल्या दिवसापासून वाटलं, हा माणूस काहीतरी लपवतोय.

त्याला माणसांचा भरवसा नव्हता, आणि जो कौतुक करी त्याचा तर मुळीच नाही. कुणी गुलाबाच्या वाफ्यापाशी थांबून ‘वा!’ म्हटलं की हा मागून येऊन म्हणे, “मुळात कीड हाय त्याले.” नव्या तहसीलदारांच्या पत्नी शरयूबाई एकदा तळ्यातली कमळं पाहून हरखल्या आणि आपल्या सोबतिणीला हाका मारू लागल्या. उकंडराव घमेलं टाकून धावला. “मांगं सरा बाईसाहेब, साप हाय तिथी.” शरयूबाई पुन्हा बागेत आल्या नाहीत. साप नव्हता हे मला ठाऊक होतं, कारण मी दुसऱ्या दिवशी काठी घेऊन पाहून आलो होतो. कवठाच्या झाडाला त्याने जुनी चप्पल बांधली होती, पपनसाला काळं फडकं. बागेत त्याच्यादेखत ‘चांगलं’ हा शब्द कुणी उच्चारला तर तो थुंकत असे. लोक हसत आणि सोडून देत. मला हसू येत नसे, मी त्याच्यावर डोळा ठेवून होतो.

दर वर्षी डिसेंबरात झाडमोजणी असे. मी वही घेऊन पुढे आणि उकंडराव माझ्यामागे, अशी आम्ही सगळी बाग फिरत असू. वहीत नंबर, जात, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. शेरे तीनच, चांगलं, मध्यम आणि रोगट. पहिल्या वर्षी, म्हणजे सव्वीस साली, मी एका चिंचेपुढे आपल्या मनानेच ‘चांगलं’ लिहिलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण माझा हात किती वेळ चालला यावरून त्याने ओळखलं.

“काय लिवलं?”

“चांगलं.”

“पुसा ते.”

“का? झाड चांगलंच तर आहे.”

“मंग त्याची काय दवंडी पिटता? मद्यम लिवा.”

मी ‘मध्यम’ लिहिलं. नव्या नोकरीत मुकादमाशी कोण भांडतो? असं करत आम्ही बँडच्या चबुतऱ्यापाशी आलो. तिथे एक आंबा होता, नंबर एकशे सतरा. डेरेदार, काळपट हिरव्या पानांचा, वय बारा वर्षांच्या आसपास. खोडावर डांबराचे मोठे मोठे ठिपके, बुंध्याला शेण आणि चुना फासलेला, फांद्यांना चिंध्या. उकंडराव झाडाकडे पाठ करून उभा राहिला.

“रोगट.”

“याला काय झालंय?”

“तुमाले झाडातलं समजते काय, बाबूजी? रोगट म्हंजे रोगट.”

मी ‘रोगट’ लिहिलं. त्या वर्षी लिहिलं, पुढच्या वर्षी लिहिलं, आणि अकरा वर्षं लिहीत राहिलो. झाड दर वर्षी दोन हात वाढत होतं.

आता माझा संशय काय होता ते सांगतो. बागेतल्या चांगल्या आणि मध्यम झाडांची फळं डाली म्हणून जात. डाली म्हणजे साहेबलोकांच्या बंगल्यावर सणावारी पाठवायची फळांची टोपली. रोगट झाडाचं फळ मात्र डालीत घालायचं नाही, असा कमेटीचा ठराव होता. म्हणजे एकशे सतराचे आंबे कुठल्याच टोपलीत येत नव्हते. मग ते जात कुठे? मी तर्क बांधला की मुकादमाने हे झाड स्वतःच्या पोटासाठी राखून ठेवलंय. मला या तर्काचा मोठा अभिमान वाटत होता.

नोकरीच्या चौथ्या वर्षी, मे महिन्यात, भर दुपारी मी मेंदीच्या कुंपणाआड जाऊन बसलो. ऊन असं की मोरसुद्धा चबुतऱ्याखाली शिरला होता. उकंडराव शिडी लावून झाडावर चढला. त्याची बायको मंजुळाबाई खाली शिडी धरून होती. मी वाट पाहत होतो की आता हा आंबे तोडेल. त्याने कनवटीची डबी काढली, बोट बुडवलं आणि एकेका आंब्याला देठापाशी काजळाचा टिपका लावत सुटला. लहान पोराला लावतात तसा. तासभर हाच उद्योग चालला होता. मी घामाने निथळत विचार करत होतो की ही चोराची खूण असणार, मोजदाद ठेवायची, कुणी दुसऱ्याने तोडला तर कळावं म्हणून.

पंधरा दिवसांनी बाजाराच्या दिवशी मी तळ्याकडच्या मागच्या फाटकाशी पाळत ठेवली. सकाळी उकंडराव गवताने झाकलेली पाटी घेऊन आला. वडनेरच्या गाड्यांचे बैल तिथेच सोडत. तो प्रत्येक बाईच्या पदरात दोन दोन आंबे टाकत गेला आणि प्रत्येकीला तेच म्हणत गेला, “सडके हाय. ढोराले टाका.” पैसा कुणाकडून घेतला नाही. रिकामी पाटी बगलेत मारून परत गेला. मी एका बाईला गाठलं. ती निंबाखाली बसून आंबा चोखत होती, कोपरापर्यंत रस आलेला.

“काय दिलं मुकादमाने?”

“सडके आंबे,” ती म्हणाली आणि खदखदून हसली. “दरसाल देते, दरसाल सडके म्हनते. घ्या, खाऊन पाहा एक.”

मी खाल्ला. लाजेकाजेस्तव अर्धा खाईन म्हटलं होतं, पण कोय पांढरी होईतो चोखली. आमच्या भागातला आंबा म्हणजे गावरान, धाग्याचा, आंबटसर. हे काही वेगळंच होतं. रेषा नाही, आणि गोडी अशी की संध्याकाळपर्यंत मी पाणी प्यायलो नाही. त्या बायकांना उकंडराव काय म्हणतो आणि त्याचा अर्थ काय हे बरोबर कळत होतं. कळत नव्हतं ते कचेरीतल्या आम्हा शहाण्यांना.

तरीही माझा संशय गेला नाही, उलट वाढला. फुकट कोण देतो? मी सरळ त्याच्या खोलीवर गेलो. बागेच्या कोपऱ्यात विहिरीपाशी दोन पत्र्यांची खोली होती. तो नव्हता. मंजुळाबाईने पाण्याचा लोटा आणून दिला. मी म्हटलं, एकशे सतरा नंबरचा आंबा मी खाल्लाय, आता खरं काय ते सांगा. ती बिचारी घाबरली, दारातून बाहेर पाहून आली, आणि मग खाली बसून बोलली.

“माह्या सासूले पाच लेकरं झाले, बाबूजी. पाचही गेले. नावं कसे ठेवले होते, एकाचं राजाराम, एकाचं सोनाजी, एकाचं गुलाब. दिसाले असे गोजिरे, का आलंगेलं मानूस म्हने, कित्ती चांगलं लेकरू व माय. वरीसभर टिकलं नाई एकबी. सहावे हे झाले. तवा सुईनीनं सुपात घातलं अन् नेऊन उकंड्यावर ठेवलं. शेजारनीनं उचललं, म्हने हे कोनाचं कचऱ्यातलं पोट्टं? सासूनं तिले पसाभर जवारीच्या कन्या देल्ल्या अन् इकत घेतलं. म्हून नाव उकंडा. जम आला तरी त्याले वाटलं पाह्यजे, का हे नेऊन काय करू.”

उकंडा म्हणजे आमच्याकडे उकिरडा. असं नाव ठेवायची रीत मला माहीत होती. शाळेत माझ्याबरोबरही एक उकंडा आणि एक धोंडा होताच. पण त्याचा या आंब्याशी काय संबंध?

“हाय ना. रेल्वेच्या गोऱ्या इंजिनेराच्या बंगल्यात वर उत्तरेतून, हिंदुस्थानाकडून आनलेला आंबा होता. यायनं त्याच्या फांदीखाली मचान बांधलं, सहा कुंड्या ठेवल्या, सहा कलमं बांधले. अन् इथी आनून लावले. मडम पाहाले आली, टाळ्या वाजवल्या, कमेटीचे लोकं आले, त्यायनं बी वा वा केली. पाच कलमं त्या उन्हाळ्यात वाळले. सहावं चबुतऱ्यापाशी लावलं होतं, ते कोनाच्या ध्यानात नव्हतं. पाचवं वाळलं त्याच राती यायनं त्याले डांबर फासलं अन् म्हनाले, हे रोगट हाय. तवापासून रोगटच म्हनते. घरात माह्यापाशी बी रोगटच म्हनते.”

ती डोळे पुसत होती. मी लोटा खाली ठेवला आणि निघालो. खरं सांगायचं तर मला ते पुरतं पटलं नाही. कारकुनाच्या टेबलापुढे असली एक कहाणी रोज येते. मी मनात म्हटलं, असेलही, नसेलही, पण हे आपल्या हातात राहू दे, कधीतरी उपयोगी पडेल. पुढच्या डिसेंबरात मी उकंडरावकडे जरा निरखून पाहत शेरा विचारला. त्याने पाठ केली आणि ‘रोगट’ म्हणाला. मीही ‘रोगट’ लिहिलं. त्याला कळलं की मला कळलंय. तेव्हापासून तो माझ्याकडे असा पाही, जणू मी कधी दगा देतो याचीच वाट बघतोय.

सदतीस साल उजाडलं. जानेवारीत वारं सुटलं आणि फाटकाजवळच्या जुन्या गावरान आंब्याची फांदी कडाडून खाली आली, ती नेमकी अध्यक्षांच्या टांग्यावर. माणूस वाचलं, घोडं वाचलं, टांगा मात्र गेला. फांदी आतून पोकळ होती. भिरूड लागलेली, म्हणजे खोड पोखरणारी अळी. कमेटी तातडीने बसली. बागेसाठी नवे ओव्हरसियर आले होते, सुधाकरराव, पुण्याकडचे, शेतकी शिकलेले. माणूस सरळ, कामाला वाघ, आणि आमची वऱ्हाडी ऐकली की जरा गोंधळून जाणारा. ते म्हणाले, उन्हाळ्यात बँडला गर्दी होते, त्याआधी वहीत रोगट म्हणून लागलेली झाडं पाडून टाकावीत. ठराव झाला. वही माझीच होती. रोगट झाडं निघाली नऊ, आणि त्यात नंबर एकशे सतरा, बँडच्या चबुतऱ्याला अगदी लागून.

मी कचेरीतून सरळ बागेत गेलो. उकंडराव वाफ्याला पाणी देत होता.

“ऐका. सोमवारी रोगट झाडं पाडणार आहेत. तुमचा आंबाही.”

त्याने पाण्याचा दांड, म्हणजे पाट, मोडला आणि उभा राहिला. “कोन सांगते?”

“मी सांगतोय. ठराव झालाय. साहेब तुम्हाला विचारतील. तुम्ही एवढंच म्हणा की झाड चांगलं आहे.”

“मी?” तो असा मागे सरला, जणू मी त्याच्यावर हात उगारलाय. “माह्या तोंडानं?”

“दुसरं कोण म्हणणार?”

“तुमी माह्या तोंडून वदवून घेता, बाबूजी. मी चांगलं म्हनलं का तुमी वही पुढे करसान, अन् म्हनसान का इतले साल खोटं सांगतलं यानं. मंग नवकरी बी गेली अन् झाड बी गेलं.”

“मला काय पडलंय तुमची नोकरी घालवायचं?”

“मंग तुमीच पुसा ना तो शेरा. तुमच्या हातचा हाय. तुमाले गोडी माहीत हाय त्याची.”

हे त्याने बरोबर वर्मावर मारलं. मी आंबा खाल्ला होता हे मंजुळाबाईने त्याला सांगितलं होतं तर. आणि माझ्या मनात काय आलं पाहा. मला वाटलं, हा मला अडकवतोय. शेरा मी खोडला की वहीत खाडाखोड माझ्या हातची, अकरा वर्षांचा खोटेपणा माझ्या अक्षरातला, आणि हा म्हणेल मला लिहिता येत नाही, बाबूजींनी काय लिहिलं ते बाबूजींना ठाऊक. मी म्हटलं, “तुम्ही सांगा, मी लिहितो. आजवर असंच चाललंय.”

“नाई,” तो म्हणाला, “तुमीच पुसा.”

आम्ही दोघं त्या वाफ्यात किती वेळ उभे होतो कोण जाणे. पाणी भलत्याच वाफ्यात शिरलं तरी त्याचं लक्ष नव्हतं. शनिवार गेला, रविवार गेला. वही माझ्या टेबलावर होती, दौत टाक शेजारी. मी तीनदा ती उघडली आणि तीनदा मिटली. मला वाटत होतं, हा शेवटच्या क्षणी बोलेल. इतक्या वर्षांचं झाड आहे, बोलल्याशिवाय कसा राहील? त्यालाही माझ्याबद्दल तसंच वाटत असणार.

सोमवारी सकाळी चार लाकूडतोडे कुऱ्हाडी आणि दोर घेऊन आले. आठ झाडं दुपारपर्यंत पडली, सगळी खरोखरची किडकी. मग आम्ही चबुतऱ्यापाशी आलो. एकशे सतराला मोहोर आला होता. असा की पानं दिसत नव्हती, आणि खाली उभं राहिलं की मधमाश्यांचा आवाज डोक्यात भरत होता. सुधाकररावांनी वर पाहिलं, टोपी काढून हातात घेतली. बागेतली पाच-पंचवीस माणसं जमली होती. मंजुळाबाई दूर विहिरीपाशी उभी होती.

“मुकादम,” सुधाकरराव म्हणाले, “हे झाड वरून तर हिरवंगार दिसतंय. मोहोरही आलाय. तुम्ही इतकी वर्षं पाहताय. याचं काय?”

उकंडराव त्या दिवशी झाडाकडे पाठ करून उभा नव्हता. पहिल्यांदाच तो त्याच्याकडे पाहत होता, खालून वर, फांदी फांदी. त्याचे ओठ हलले. मी वही छातीशी धरून म्हणत होतो, म्हण, एकदा म्हण. त्याने आजूबाजूच्या माणसांकडे पाहिलं. पंचवीस तोंडं, पन्नास डोळे, सगळे मोहोराकडे लागलेले.

“रोगट हाय,” तो म्हणाला.

“पण हा मोहोर?”

“मरतं झाड लय मोहरते, साहेब.”

हे खरं होतं. झाडातलं कळणारा कुणीही हे सांगेल, म्हणून सुधाकररावांना ते लगेच पटलं. मला वाटतं, उकंडरावने त्यांना झाडावरून हाकलायला हे म्हटलं. साऱ्या जन्मात त्याने हेच पाहिलं होतं, की रोगट म्हटलं, उकिरड्यावरचं म्हटलं, की न्यायला आलेला तोंड फिरवून निघून जातो. यमालाही ते पुरत होतं. पण कमेटीच्या ठरावात नेमकं उलटं लिहिलं होतं. तिथे रोगट तेच न्यायचं होतं. हे मी त्याला वाफ्यात सांगितलं होतं, पण जन्माची सवय एवढ्याने सुटत नाही. साहेबांना खरं काय ते मी सांगू शकलो असतो.

“वही काय म्हणते?” सुधाकररावांनी मला विचारलं.

एक वाक्य बोलायचं होतं. साहेब, हे झाड धडधाकट आहे, मी याचं फळ खाल्लंय. मी भ्यालो. नोकरीला भ्यालो, खाडाखोडीला भ्यालो, आणि त्याहून जास्त या संशयाला भ्यालो की मी बोललो तर हा माझ्यावरच उलटेल. मी वही उघडली आणि वाचलं, “नंबर एकशे सतरा, आंबा, रोगट.”

कुऱ्हाड पडली. पहिल्या घावाला मोहोर आमच्या सगळ्यांच्या अंगावर आला. उकंडराव जागचा हलला नाही. मला वाटलं होतं तो रडेल, धावेल, कुऱ्हाड धरेल. तो नुसता पाहत होता, डोळे पूर्ण उघडे ठेवून. लाकूड कठीण होतं. चौघांना दोन तास लागले, मधे त्यांनी दोनदा कुऱ्हाडी घासल्या, आणि एकजण म्हणालाही की पोकळ झाड इतका दम काढत नाही. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. झाड पडलं ते चबुतऱ्याच्या कठड्यावर, आणि मधमाश्या बराच वेळ त्याच्यावरच घोंगावत राहिल्या.

सुधाकरराव बुंध्यापाशी बसले. भिरडाची भोकं पाहायला त्यांनी डांबराचे ठिपके चाकूने खरवडले. खाली साल अखंड होती. त्यांनी कापावर हात फिरवला. आत लाकूड पिवळसर, ओलं, मधोमध एक डागही नाही. त्यांनी ओलसर बोटं नाकाशी नेली. मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्या क्षणी मला माझी इतकी किळस आली की आजही ते आठवलं की हातातला घास खाली ठेवावा लागतो.

“अरे,” सुधाकरराव म्हणाले. “हे झाड तर चांगलं होतं.”

सगळे उकंडरावकडे पाहू लागले, की आता हा थुंकेल. तो पुढे आला. कापलेल्या बुंध्याशी उकिडवा बसला आणि त्याच्यावर पालथा हात ठेवला.

“म्हना, साहेब,” तो म्हणाला. “आता कितीबी म्हना.”